बोटीवर लिहिलेला कागद

चौक, उत्तन
१७ जानेवारी २०२६

प्रिय मिशेल,

तुझ्या हॉस्पिटलातली संचिता सुट्टी संपवून सोमवारी मस्कतला परत निघालीय. तिच्या आईकडे इंद्रलोकला मी आठवड्यातून दोनदा मासे देते, तेव्हा कळलं. हे पत्र तिच्याच हाती पाठवतेय. फोनवर बोलायला गेले असते तर तू मध्येच थांबवून माझी समजूत काढली असतीस आणि मी पुन्हा गप्प बसले असते. दोन वर्षं तेच झालंय. म्हणून लिहून काढतेय. सगळं वाच, मग फोन कर. करावासा वाटला तर.

इकडे यंदा बोंबील कमी आलाय. मागच्या वाडीत सुकवायला बांबू उभे केलेत, पण निम्मे रिकामेच असतात. सकाळच्या बसने पाटी घेऊन भाईंदरला जाते, तिथून रिक्षाने इंद्रलोक. गिऱ्हाइकांशी दिवसभर हिंदीत बोलते आणि घरी आले की बोलायला कोणी नसतं. शेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या विमलाबाई रोज विचारतात, कोर्टाचं काय झालं. मी सांगते, तारीख पडलीय. घराच्या दर्याकडच्या भिंतीने दोन पावसाळे ओल धरलीय, गिलावा हातात येतो. तू फोनवर म्हणालीस, दुरुस्त करून घे. मी म्हटलं, केस चालू असलेल्या घराला कसा हात लावू. तेही खरं नव्हतं. या भिंतीला हात लावायची मला लाज वाटायची.

आधी तुला जे माहीत आहे तेच लिहिते, म्हणजे पुढचं नीट कळेल. पप्पा दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात मंगळवारी बोट घेऊन निघाले आणि तिसऱ्या दिवशी दर्यावरच गेले. छातीत कळ आली, बोटीवरच्या धाकूने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, बोट वळवली, पण किनारा लांब होता. त्यांची रेक्झिनची बॅग धाकूने घरी आणून दिली. चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाल्यावर बोटीचे कागद हवेत म्हणून लेस्लीने ती बॅग उघडली, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत, लायसनच्या मागे, वहीचं एक पान निघालं. पप्पांच्या हातचं. ‘हे घर मागच्या वाडीसकट माझी सून सेलीन, माझ्या मेल्विनची बायको, हिच्या नावे करत आहे. तिने या घरासाठी हाडं झिजवली. लेस्ली आणि मिशेल यांना द्यायचं ते मी देऊन चुकलो आहे.’ खाली सही नव्हती, तारीख नव्हती, कोणी साक्षीदार नव्हता.

मीनल वकिलीणबाईंनी मला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं. मुलगा आधी गेला आणि मूलबाळ नसेल, तर सासऱ्याच्या मालमत्तेत सुनेला काही मिळत नाही. सगळं लेस्लीचं आणि तुझं, अर्धं अर्धं. मृत्युपत्र असेल तरच माझा हक्क. आणि मृत्युपत्र म्हटलं की करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा, समोर दोन साक्षीदार हवेत. नुसता लिहिलेला कागद असला तर कोर्ट बघणारही नाही. मी उठायला लागले, तेव्हा त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, एक वाट आहे. लढाईवर असलेला सैनिक आणि समुद्रावर असलेला दर्यावर्दी, यांच्यासाठी कायद्यात जुनी सवलत आहे. असल्या माणसाने सगळा मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला असेल तर सही लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत. मासेमारीवर गेलेला, बोट चालवणारा तांडेल हा दर्यावर्दी धरायचा की नाही यावर समोरचा वकील भांडेल, पण भांडता येईल. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “सेलीनताई, हा कागद कुठे बसून लिहिलाय?”

मी म्हटलं, “बोटीवर.”

मिशेल, तो कागद बोटीवर लिहिलेला नव्हता. तो आपल्या जेवणाच्या टेबलावर लिहिला, माझ्यासमोर, निघायच्या आधीच्या रविवारी.

त्या रविवारी लेस्ली आणि त्याची बायको व्हॅलेरी मिस्सा करून जेवायला आले होते. लेस्ली पप्पांना म्हणत होता, अडुसष्ट वय झालं, मागच्या महिन्यात जेट्टीवर चक्कर आली, आता दर्या पुरे, आमच्याकडे राहायला या. चांगलंच बोलत होता. पप्पांनी विचारलं, मग सेलीन? तेव्हा लेस्ली खालच्या आवाजात म्हणाला, वैनीचं बघू काहीतरी, तिला वसईला भाऊ आहे. मी तिथेच वाढत होते. आज वाटतं, त्याच्या मनात तसं वाईट नव्हतं. पण मेल्विनला काशीगावजवळ हायवेवर डंपरने उडवलं त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. त्यातली चार वर्षं मी मम्मीला बिछान्यात साफ केलं होतं. त्या सगळ्याचं उत्तर म्हणजे ‘वसईला भाऊ आहे’? पप्पांनी ताट सरकवलं. सेलीन या घरातून कुठे जाणार नाही, एवढंच म्हणाले. दोघं न जेवता गेली. व्हॅलेरीने जाताना माझ्या हाताला हात लावला, मी तो काढून घेतला.

दुपारचा चहा झाल्यावर पप्पांनी डिझेल आणि बर्फाचा हिशेब लिहायच्या वहीतलं पान फाडलं आणि चष्मा लावून बसले. त्यांना लिहायला किती वेळ लागायचा तुला ठाऊक आहे. एकेक अक्षर कोरल्यासारखं. लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी रडले. मी म्हटलं, पप्पा, सही? ते म्हणाले, सही दोन माणसांसमोर करायची असते, मच्छीमार सोसायटीच्या कागदांवर करतो तशी. उद्या दोघांना बोलावतो. कागद माझ्याकडे दिला. मी तो प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला.

सोमवारी संध्याकाळी शेजारचे दोघं स्वतःहूनच आले. ओट्यावर बसून जाळ्यांच्या गोष्टी करत होते, पाऊण तास तरी. मी चहा दिला. रिकामे कप उचलायला गेले तेव्हा पप्पांकडे पाहिलं. ते समोर रस्त्याकडे बघत राहिले. दोन माणसं दारात बसली होती, पेन त्यांच्या खिशात होतं, कागद आत होता. त्यांनी मागितला नाही. ते दोघं उठून गेले.

मंगळवारी भरतीला बोट निघायची होती. मी डबा भरला, चपात्या कपड्यात बांधल्या, आणि पुस्तकातून कागद काढून दारात त्यांच्यापुढे धरला. आता धाकू आणि इंजिनवाला आहेत, त्यांच्यासमोर करा, असं म्हटलं. मिशेल, मी तो असा धरला जसा कोणी बिल पुढे धरतो. पप्पांनी तो हातातही घेतला नाही. म्हणाले, “र्‍हाव दे आता तो कागद. लेस्ली पन माजाच पोर हाय. जाऊन येतंय, मंग बगू.” आणि टोपी घालून जेट्टीकडे गेले. माझ्याशी ते एवढंच शेवटचं बोलले.

पुढचं मी कसं केलं ते सांगते. महिन्याच्या मिस्सेनंतर लेस्ली मला म्हणाला, घर आता विकायला काढावं लागेल, वैनी, तुम्हाला आम्ही असंच सोडणार नाही. आवाजात मऊपणा होता, त्याचाच मला जास्त राग आला. तो गेल्यावर मी माळ्यावर चढले. बॅग तशीच पडून होती, आत पप्पांच्या शर्टाला डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास. मी पुस्तकातला कागद काढला आणि लायसनच्या मागे सरकवला. तेव्हा मला कायद्याचं काही माहीत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की माझ्या हातून कागद निघाला तर सगळे म्हणतील, म्हाताऱ्याला बसवून लिहून घेतला. लेस्लीच्याच हाताला लागू दे.

दोन दिवसांनी तो त्याच्या हाताला लागला. मी दारात उभी होते. त्याने एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि जमिनीवरच बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “तिकडे दर्यावर बसून हे लिहिलं त्यांनी?” हे मी त्याला सांगितलं नव्हतं. कागद बॅगेत होता, बॅग बोटीवरून आली होती, त्याने त्याचं जुळवलं. मी नाही म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. मी आत जाऊन चुलीवरचं भांडं उतरवलं, उतरवायची गरज नव्हती तरी.

त्याच्या मनात काय बसलं ते तेव्हा मला कळलं नाही, खरं सांगायचं तर मी कळून घेतलं नाही. त्याच्या हिशेबाने पप्पांनी भांडण घरी सोडलं नाही. ते दर्यावर घेऊन गेले, तीन दिवस मनात घोळवलं, मरायच्या आधी बसून त्याला खोडून टाकलं. गेल्या दोन्ही वर्षी दोन नोव्हेंबरला, सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला जमलं, तेव्हा लेस्ली आला नाही. व्हॅलेरी एकटी येऊन लावून गेली. लोक म्हणाले, घरासाठी बापाला विसरला. तूही तेच म्हणालीस. दीड वर्षापूर्वी तू त्याला फोनवर सांगितलंस की विधवेच्या डोक्यावरचं छप्पर काढणारा माझा भाऊ नाही, आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलली नाहीस. मला हे तू अभिमानाने कळवलं होतंस. त्या दिवशी मी तुला थँक्यू म्हटलं.

आता धाकूचं. गेल्या फेब्रुवारीत त्याची साक्ष होती. आदल्या दिवशी जेट्टीवर मासळी निवडत होते, तिथे तो आला. त्याला विचारायचं होतं कोर्टात काय काय सांगायचं. नाखवा बोटीवर संध्याकाळी वहीत लिहीत बसायचे का, असं मीनलबाई विचारणार होत्या. ते तर खरंच होतं, पप्पा रोज डिझेल, बर्फ, कुठल्या जागेवर जाळं टाकलं, सगळं लिहायचे. धाकू खोटं बोलणार नव्हता. मग तो म्हणाला, बाय, अजून एक हाय, ते सांगायचं का? तिसऱ्या दिवशी कळ आल्यावर पप्पांनी त्याला स्वतःचा मोबाईल दिला होता. लेस्लीला लाव म्हणाले. रेंज नव्हती. धाकू लावत राहिला. पप्पा म्हणत राहिले, लेस्लीला लाव. दुसरं काही बोलले नाहीत. हे धाकूने तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. तो किनाऱ्यावर आला तेव्हा घरात रडारड, नंतर भांडण, मग वाटलं आपण कोणाची बाजू घेतल्यासारखं होईल.

मी त्याला म्हटलं, “विचारलं तरच सांग.”

कोणी विचारलं नाही. लेस्लीचा वकील अर्धा तास हेच उलटसुलट विचारत राहिला की तांडेल म्हणजे दर्यावर्दी की मच्छीमार. धाकूने विचारलं तेवढं सांगितलं आणि उतरला. लेस्ली समोरच्या बाकावर बसला होता, केस पांढरे झालेत त्याचे. मी आणि धाकू एकाच रिक्षाने ठाणे स्टेशनला आलो. धाकू मला म्हणाला, बरं झालं ना, बाय? मी हो म्हटलं.

त्यानंतर जवळजवळ वर्ष मी असंच काढलं. हे खोटं कधी अंगावर येईल म्हणून घाबरायची, पण ते अंगावर आलं नाही. उलट सगळे माझ्या बाजूने होत गेले. हस्ताक्षर पप्पांचंच, हे लेस्लीनेही मान्य केलं होतं. गेल्या आठवड्यात मीनलबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, आता मिशेलचं प्रतिज्ञापत्र आलं की आपलं पारडं जड होईल. मुलगी स्वतःचा अर्धा हिस्सा सोडून वडिलांच्या कागदामागे उभी राहते म्हटल्यावर त्याला वजन आहे. मसुदा टाईप करून ठेवला होता, तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला. मला वाचायला दिला. ‘माझ्या वडिलांनी सदर मजकूर समुद्रावर असताना स्वहस्ते लिहिला, याची मला खात्री आहे.’ खाली तुझं पूर्ण नाव आणि सहीसाठी रिकामी जागा. मी तो तीनदा वाचला. माझं खोटं मी पेलत होते, तेव्हा कोणाला काही दाखवावं लागत नव्हतं. तुझ्या नावाखाली ते वाचलं तेव्हा मात्र मी कागद टेबलावर उलटा ठेवला आणि डोळे मिटले. मीनलबाईंना वाटलं मला बरं नाही, त्यांनी पाणी मागवलं.

मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ फाईलीची नाडी बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, दावा मागे घ्यावा लागेल, आणि कागद घरी लिहिला असेल तर कायद्याने त्याची किंमत शून्य. तुम्हाला या घरात काही राहणार नाही हे समजून बोलताय ना? मी म्हटलं, समजून बोलतेय. महिनाअखेरीला मी वसईला भावाकडे जातेय. त्याला विचारलं, तो नाही म्हणाला नाही.

काल संध्याकाळी पाटी विमलाबाईंजवळ ठेवून मी इंद्रलोकलाच लेस्लीच्या बिल्डिंगमध्ये गेले. दोन वर्षं तिथून तीन गल्ल्या सोडून बसत होते, कधी गेले नव्हते. व्हॅलेरीने दार उघडलं आणि बाजूला झाली. लेस्ली कामावरून नुकताच आला होता, बूट पण काढले नव्हते. मी उभ्यानेच सांगितलं. रविवारचं, सोमवारच्या चहाचं, मंगळवारचं दारातलं वाक्य जसंच्या तसं, बॅगेचं, मग धाकूने सांगितलेलं फोनचं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं तो मारेल, शिव्या देईल, निदान रडेल. तो म्हणाला, दावा मागे घेताय ना, मग माझ्या वकिलाला कळवा. मी म्हटलं, लेस्ली, त्यांनी सही केली नाही. मी पुढे धरला तरी केली नाही. तो म्हणाला, “लिहिलं ना पण? हात त्यांचाच ना?” मी हो म्हटलं. “मग टेबलावर लिहिलं की बोटीवर, मला काय फरक पडतो?” मी पुन्हा फोनचं सांगायला लागले, तर त्याने हात वर करून थांबवलं. “घर परत देताय ते द्या, वैनी. पप्पांना मध्ये आणू नका.” त्याला वाटतंय की मी थकले, पश्चात्ताप झाला, म्हणून त्याच्यासाठी गोड काहीतरी रचून आणलंय. आणि का वाटू नये? दोन वर्षं मी त्याच्या समोर बसून खोटं बोलले. धाकूला पाठवलं तर म्हणेल, साक्षीदार शिकवून पाठवला.

म्हणून हे पत्र तुला. त्या कागदावर तुझं नाव घालू नकोस, ते तर आहेच. पण त्यासाठी एक मेसेज पुरला असता. मिशेल, पप्पांना पुरून आलो त्या दुपारी तू माझ्याजवळ माजघरात आडवी पडली होतीस, आणि तंद्रीत म्हणालीस, सोमवारी पप्पांचा फोन आला होता, भलतंच विचारत होते, लेस्लीच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली का, माझ्या गुडघ्यांना चार मजले झेपतील का. तुला हसू आलं आणि मग रडू आलं. तुला त्याचा अर्थ लागला नव्हता, कारण रविवारचं भांडण तुला ठाऊक नव्हतं. मला लागला होता. ते दोघं शेजारी उठून गेल्यावर, त्याच संध्याकाळी, पप्पांनी तुला तो फोन केला होता. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि तुला झोप म्हटलं. हे मी लेस्लीला सांगितलेलं नाही, कारण माझ्या तोंडून तेही रचलेलं वाटेल. हे फक्त तू सांगू शकतेस. तो तुझ्यावर चिडलेला आहे, पण तू खोटं बोलत नाहीस हे त्याला माहीत आहे. चोवीस तारखेला सुट्टीवर येऊन विमानातून उतरलीस की माझ्याकडे येऊ नकोस, सरळ त्याच्याकडे जा. लिफ्ट चालू आहे. काल मी तिनेच वर गेले.

तुझीच म्हणवून घ्यायचं धाडस करते,
सेलीन